आंबुटीलाही पाने तीनच

'पळसाला पाने तीनच' ही म्हण ज्याने केली तो गृहस्थ आमच्या यवतमाळ जिल्ह्यातलाच असणार, याबद्दल मला शंका नाही. एका वेळी इतके पळस बघण्याची सक्ती दुसरीकडे कोणावर होत नाही. पण त्याने रस्त्यावरचे पळस मोजले आणि तो घरी जाऊन झोपला. घरामागची भिंत बघितली असती, तर त्याची झोप उडाली असती. तीन पाने बेलाला असतात, मेथीला असतात, रानमेथीला असतात आणि आंबुटीलाही असतात. यातली कोणती आंबुटी हे ठरवता ठरवता माझा अख्खा भाद्रपद गेला.

आधी भिंतीबद्दल सांगतो. आमच्या घरामागे सांदवाडी आहे आणि सांदवाडीच्या टोकाला दगडमातीची एक जुनी भिंत आहे. वाडवडिलांनी मागे ठेवलेल्या इस्टेटीत जिला खऱ्या अर्थाने स्थावर म्हणावे अशी ही एकच वस्तू, आणि अलीकडे तीही हलायला लागली होती. एका अंगाला शेजाऱ्यांचा कडुनिंब, दुसऱ्या अंगाला आमचे घर, त्यामुळे ऊन तिच्याकडे फिरकत नाही. न्हाणीचे पाणी तिच्या पायथ्याशी जाते. मे महिन्यात सारे यवतमाळ भाजून निघत असते तेव्हाही ही भिंत आपली ओलीच. 'त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घ्या' हे वाक्य आमच्या घरात सनईच्या सुरांइतके जुने आहे. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात हिने ते प्रथम उच्चारले. यंदा मी शरण गेलो आणि दसऱ्यानंतर गवंडी यायचा ठरला.

त्याच सुमारास दारव्ह्याहून आत्या आली. आली म्हणजे आणली. वय सत्त्याऐंशी. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याला तिने हात लावू दिला नाही ('एक राहू दे देवाच्या हातचा'). पावसाळ्यात तिला ताप येऊन गेला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. टॉनिकची बाटली आणली, तर 'हे कोन्या जनावराचं मूत होय?' असे विचारून तिने ती देव्हाऱ्यामागे ठेवून दिली. आवाज खोल गेला होता. 'दिवाई काई मी पायत नाही आता,' असे ती अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसे सांगायची. डॉक्टर म्हणाले, औषध राहू द्या, त्यांना आवडेल ते खायला घाला. ही तिच्या उशाशी बसली आणि एकेक पदार्थ सांगू लागली. शिरा झाला, साबुदाण्याची खीर झाली, मऊ भात झाला. आत्या डोळे मिटून नाही नाही म्हणत राहिली, आणि मग एकदम म्हणाली, "आंबुटीची चटनी असन तं खाईन थोडी."

मी उठलोच. तीस वर्षे कचेरीत टिपणे लिहिणाऱ्या माणसाला घरच्यांसाठी मर्दुमकी गाजवायची संधी फार क्वचित मिळते. शिवाय लहानपणी आजोळी आंबुटी खाल्ल्याचे मला पक्के आठवत होते. इवली इवली तीन पाने, मधे खाच, जमिनीसरपट पसरणारी. समोरच्या मैदानाच्या कडेला गवतात तसलेच हिरवेगार काहीतरी पसरले होते. पिशवीभर खुडून आणले. हिने निवडले, धुतले, वाटले. आत्याने बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावले आणि ताटाच्या कडेला झटकले.

"हे आंबुटी नाही होय. रानमेथी होय हे. ढोराले टाक."

"मग आंबुटी कशी असते आत्या?"

आत्याने माझ्याकडे, म्हणजे माझा आवाज आला त्या दिशेकडे, कीव केल्यासारखे पाहिले. "कशी म्हंजे? आंबुटी आंबुटीवानी राह्यते."

त्या वेळी मला हे उत्तर अडाणीपणाचे वाटले. पुढे जी थोरामोठ्यांची पुस्तके चाळली त्यांत निराळे उत्तर सापडले असे म्हणवत नाही.

पहिली फेरी वैद्यबुवांकडे. आंबुटी म्हणजे आंबुशी, संस्कृतात चांगेरी, एवढे त्यांनी माझा प्रश्न संपायच्या आत सांगितले. चरकसंहितेत चांगेरी आहे. आंबट, अग्नी प्रदीप्त करणारी, ग्रहणी आणि मूळव्याधीला हितकर असे तिचे गुण दिले आहेत, आणि तिच्या रसात सिद्ध केलेले चांगेरी घृत वैद्य अजून वापरतात. 'पण दिसते कशी?' मी विचारले. वैद्यबुवांनी भावप्रकाश काढला. भावमिश्राचा हा ग्रंथ सोळाव्या शतकातला. त्यात सुनिषण्णक नावाची एक पाण्याकाठची भाजी आहे, आणि तिची खूण अशी दिली आहे की पाने चांगेरीसारखी, पण चार. ही सुनिषण्णक म्हणजे बंगाल्यांची शुशनी. ती खाल्ली की झोप चांगली लागते असे तिकडे मानतात.

"बरे, मग चांगेरी कशी?"

"सुनिषण्णकासारखीच. फक्त पाने तीन."

मी वैद्यबुवांकडे पाहिले, वैद्यबुवांनी माझ्याकडे पाहिले. मग आम्ही चहा घेतला. चूक त्यांची नव्हती, भावमिश्राचीही नव्हती. गावात नवीन माणसाला आपण घराचा पत्ता कसा सांगतो? 'पोस्टाच्या समोर.' पोस्ट कुठे आहे हे सांगत बसत नाही, कारण पोस्ट सगळ्यांना ठाऊक असते असे आपण धरून चालतो. सोळाव्या शतकात चांगेरी हे पोस्ट होते. तिच्यावरून दुसऱ्या वनस्पती ओळखायच्या. तिला कशावरून ओळखायचे हे लिहून ठेवावे लागेल, असे भावमिश्राच्या स्वप्नातही आले नसेल.

दुसरी फेरी वाचनालयात. इथे वऱ्हाडचा इतिहास आडवा आला. मुंबई इलाख्यातल्या झाडाझुडपांचा मोठा ग्रंथ थिओडोर कुक यांनी लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. कुकसाहेब मुळात इंजिनियर, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. इंजिनियर माणसाने इतकी वर्षे गवतात बसून काढावी, याचे मला फार कौतुक वाटले. (आमच्या भिंतीसाठी आलेला इंजिनियर पाच मिनिटेही उकिडवा बसला नाही.) पण ग्रंथ मुंबई इलाख्याचा, आणि आम्ही त्या इलाख्यात नव्हतो. १८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिला. १९०२ साली सालिना पंचवीस लाख रुपयांवर तोच वऱ्हाड इंग्रजांनी कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताच्या दावणीला बांधला. जिल्ह्याला तर स्वतःचे नावसुद्धा १९०५ मध्ये मिळाले. तोवर आम्ही वणी जिल्हा म्हणून ओळखले जात होतो. तेव्हा ज्या काळात कुकसाहेब पुण्याकडची पाने मोजत होते, त्या काळात आमची पाने कोणी मोजायची हेच ठरलेले नव्हते.

मध्य प्रांताच्या जंगल खात्यातल्या विटसाहेबांनी १९१६ मध्ये वऱ्हाडच्या जंगलातली झाडे, झुडपे, वेली आणि उपयोगी रोपे यांची यादी छापली खरी. पण जंगल खात्याची नजर सागावर. सागाच्या जंगलात उभ्या असलेल्या माणसाने खाली वाकून आंबुटी बघावी, ही अपेक्षा जरा जास्तच. १९५६ साली आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि दोन वर्षांनी कुकसाहेबांच्या ग्रंथाची नवी आवृत्तीही निघाली. पण तोवर कुकसाहेब वारून अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती, आम्हाला त्यात घालणार कोण? खास यवतमाळ जिल्ह्याची म्हणून वनस्पतींची मोजदाद भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेसाठी कार्तिकेयन आणि आनंद कुमार यांनी केली आणि ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. हे शोधण्यात चार दिवस गेले. रोज संध्याकाळी घरी आलो की आतून आवाज यायचा, "आनली का रे आंबुटी?" आणि मी आत जाऊन आत्याला १८५३ च्या तहाबद्दल सांगायचो.

तिसरी फेरी कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे. त्यांनी कपाटातून एक जाड कागद काढला. त्यावर चिकटवलेली वस्तू चहाच्या चाळणीत उरते त्या रंगाची होती. 'ऑक्सॅलिस कॉर्निक्युलाटा,' प्राध्यापक म्हणाले. हे नाव लिनिअसने १७५३ मध्ये दिले, म्हणजे वऱ्हाड गहाण पडण्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी. ऑक्सॅलिस हा शब्द ग्रीकमधल्या 'आंबट' या शब्दावरून आलेला, आणि कॉर्निक्युलाटा म्हणजे छोट्या शिंगांची. ती शिंगे म्हणजे तिच्या शेंगा. थोडक्यात, युरोपातल्या एवढ्या मोठ्या पंडितानेही तिला 'आंबटी' असेच म्हटले, फक्त लॅटिन उच्चारात. इंग्रज तर आणखी पुढचे. आपल्या आंबटचुक्याला ते जे नाव देतात तेच शेपूट बदलून हिलाही देतात. म्हणजे तेही पोस्टासमोरचेच.

पण प्राध्यापक भला माणूस. त्यांनी मला चार खुणा कागदावर लिहून दिल्या, आणि त्या इथे सांगतो, कारण त्यांच्यासाठीच ही सगळी पायपीट झाली. एक, तीन पानांतले प्रत्येक पान बदामाच्या एक्क्यासारखे, टोकाला खोल खाच आणि देठाकडे निमुळते; तिन्ही बदाम टोकांनी एकत्र जोडलेले. रानमेथीच्या पानालाही पुसटशी खाच असते, मी फसलो तो तिथेच. पण ते पान गोलसर, आणि मधले पान जरा लांब देठावर असते. दोन, फूल पिवळे, पाच पाकळ्यांचे. रानमेथीचे फूल जांभळट गुलाबी आणि वाटाण्याच्या फुलाच्या घाटाचे. तीन, शेंग उभी, पाच धारांची, हुबेहूब बाहुलीच्या संसारातली भेंडी. चार, संध्याकाळ झाली की पाने मिटून छत्रीसारखी खाली लोंबतात. चवीची खूण त्यांनी मुद्दाम लिहिली नाही. "आधी ओळख, मग चव," ते म्हणाले, "उलटे केले की आमच्याकडे नाही, दवाखान्यात यावे लागते."

आता शोधायची कुठे? प्राध्यापकांनी सांगितलेल्या मराठी नावांत एक होते भुईसर्पटी. त्या नावाने माझा घात केला. मी भुई पाहत फिरलो. मैदाने पाहिली, कालव्याचे काठ पाहिले, एका नर्सरीत कुंड्या ओणवून पाहताना मालकाने 'काही हरवलं का काका?' असे विचारले. भाच्याने मोबाईलवर पानाचा फोटो काढून नाव सांगणारे यंत्र दाखवले. त्या यंत्राने रानमेथीला, खऱ्या मेथीला आणि आमच्या हिच्या पदरावरच्या नक्षीला एकाच विलायती गवताचे नाव दिले.

आणि मग एका सकाळी न्हाणीतून बाहेर येऊन रोजच्या जागी, त्या ओल्या भिंतीच्या खिळ्याला, मी पंचा अडकवत होतो. पंच्याच्या खाली, दोन दगडांच्या सांध्यातून, तीन हिरवे बदाम माझ्याकडे बघत होते. त्यांच्या शेजारी आणखी तीन. मग दिसले की सगळी भिंतच बदामांनी भरली आहे, मधे मधे पिवळी फुले, आणि त्या बाहुलीच्या भेंड्या. इतकी वर्षे मी तिच्यावर पंचा वाळत घालत होतो! मी एका पिकल्या शेंगेला बोट लावले आणि टप्पकन काहीतरी उडून माझ्या चष्म्याला चिकटले. बी होते. भुईवर सरपटणारी बाई भिंतीवर कशी चढली याचा उलगडा झाला: ती चढत नाही, बी उडवते. ते चिकट बी दगडाच्या फटीत बसते, ओल आणि सावली मिळाली की रुजते. यामुळेच ती जगभर पसरली आहे, इतकी, की तिचे मूळ गाव कोणते यावर पंडितांचे अजून जमत नाही.

तीन खुणा पटल्या. चौथीसाठी रात्री बॅटरी घेऊन गेलो. डार्विनने आणि त्याच्या मुलाने या जातीच्या वनस्पती कशा झोपतात यावर रात्री घालवून १८८० मध्ये पुस्तक काढले. मला दहा मिनिटे मिळाली. तिन्ही पाने खरेच मान टाकून झोपली होती. मी आनंदाने "झोपली! झोपली!" म्हणून ओरडलो आणि शेजाऱ्यांकडचा दिवा लागला. 'कोण झोपलं?' असे त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारले, कारण आत्याची तब्येत आळीत सगळ्यांना ठाऊक होती. त्यांची समजूत घालता घालता हिची पुरेवाट झाली.

आता चव. इथे एक अडचण होती. चार वर्षांपूर्वी मला मुतखडा झाला होता आणि पालक, चुका, अळू या मंडळींशी माझा संबंध डॉक्टरांनी तोडला होता. आंबुटी ही त्यांचीच बहीण. तिच्यातला आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा. त्या आम्लाला नावच तिच्यावरून पडले. अळू खाल्ल्यावर घसा खाजतो तो याच आम्लाच्या चुन्याबरोबर बनलेल्या सुयांनी, आणि मुतखड्यात बहुधा सापडते तेही तेच. या आम्लाचे मीठ एके काळी विलायतेत शाईचे डाग काढायला वापरत. नोकरीतली तीस वर्षे खिशाला शाईचा डाग घेऊन हिंडलो, आणि त्यावरचा उतारा माझ्याच भिंतीवर फुकट उगवत होता. एखाद-दुसऱ्या पानाने काही होत नाही, पण चटणी म्हणून बचकभर खाणे माझ्यासारख्याला वर्ज्य. ज्या भाजीची ओळख पटवायला महिना घालवला, तिचे एक पान जिभेवर ठेवण्यापुरताच माझा अधिकार उरला. ते पान ठेवले. दात आंबले, डोळे मिटले, आणि आजोळची विहीर दिसली.

मूठभर खुडून आत्याच्या हातात दिली. तिने वास घेतला नाही, की डोळ्यांजवळ धरली नाही. एक पान अंगठ्याने चुरले, देठ दोन बोटांत फिरवला, जिभेला लावला. महिनाभर भावमिश्र, लिनिअस आणि कुकसाहेब यांना पाठीवर घेऊन मी हिंडलो होतो. तिला लागला अर्धा मिनिट.

"हाव. हेच. कुठी भेटली?"

"मागच्या भिंतीवर."

"मंग इतके दिवस कुठी गेलता पाह्याले?"

मी काही बोललो नाही. आत्याचा आवाज मात्र वर आला होता. मोरीपाशी लागलेली घ्यायची नाही, वरच्या अंगाची घे. तीन पाण्यांतून काढ. मिक्सर नको, पाट्यावर वाट. हिरवी मिरची, लसूण, मीठ, आणि भाजलेली जवस. लहान पोराचे पोट चालत असले तर हीच आंबुटी ताकात घालायची, हेही तिने हिला सांगितले. मला चांगेरी घृत आठवले. आत्याने चरक वाचलेला नाही, तेव्हा चरकालाच कोण्या आत्याने सांगितले असले पाहिजे.

त्या दुपारी आत्याने ज्वारीची अर्धी भाकर खाल्ली. 'मीठ कमी हाये,' म्हणाली. दुसऱ्या दिवशी मीठ नीट पडले, आणि पाऊण भाकर गेली.

दसऱ्यानंतर ठरल्याप्रमाणे गवंडी आला. त्याने थापी काढली, भिंतीकडे पाहिले, आणि 'हे समदं खरडून काढू ना साहेब?' असे विचारले. मी हिच्याकडे पाहिले. जिने लग्नापासून या गिलाव्याचा धोशा लावला होता तिने पदर खोचला आणि न्हाणीपासून खिळ्यापर्यंत बोटाने रेघ ओढून दाखवली: खालून इथपर्यंत गिलावा, वरचे तसेच राहू द्या. गवंड्याने पुष्कळ समजावले. ओल राहील, भिंत पोखरेल, काम बेढब दिसेल. त्याचे सगळे बरोबर होते. भिंत आता खालून सिमेंटची आणि वरून सोळाव्या शतकातली दिसते.

दिवाळीला आत्या अंगणात खुर्ची टाकून बसली होती. पोरांचे फटाके चालले होते. मला जवळ बोलावून म्हणाली, "पाय रे बाबू, उन्हाया लागला का मले चिवईची भाजी पायजे. आत्तापासून शोधून ठेव."

चिवळ कशी असते, हे मी विचारले नाही.